कलाकार एक्सक्लुझिव्ह करार मोडून दुसऱ्या नाटकात गेला: मनाई, भरपाई, पुरावा

पाचपाखाडीकर

एका व्यावसायिक नाटकाच्या व्यवस्थापनाच्या वतीने विचारतोय, नावं मुद्दाम टाळली आहेत.

करार १ एप्रिल ते ३१ मार्च. किमान ६० प्रयोग, नाईट (एका प्रयोगाचं मानधन) ८,००० रुपये. सायनिंगचे, म्हणजे करारावर सही करतानाची उचल, ६०,००० आधीच दिलेत, ते दर प्रयोगामागे १,००० असे वळते करायचे. २२ प्रयोग झाले, त्यातल्या शेवटच्या चार नाईट अजून द्यायच्या आहेत. मुख्य भूमिकेतल्या कलाकाराने व्हॉट्सॲपवर 'यापुढे जमणार नाही' एवढंच कळवलं. तीन आठवड्यांनी वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहात दुसऱ्या संस्थेच्या नाटकाचा शुभारंभ आहे आणि जाहिरातीत ठळक नाव त्याचंच. आमचे ठाण्यातल्या गडकरी आणि घाणेकर नाट्यगृहांतले एकेक असे दोन प्रयोग रद्द झाले.

करारात दोन कलमं आहेत. एक: 'कराराच्या काळात निर्मात्याच्या लेखी परवानगीशिवाय अन्य नाटक, मालिका, चित्रपट, जाहिरात वा समाजमाध्यमावर काम करणार नाही.' दुसरं: 'करार मोडल्यास १० लाख रुपये दंड.'

त्याला आमच्या प्रयोगाला उभं करता येईल का? नाही तर तिकडे उभं राहण्यापासून अडवता येईल का? आणि ते १० लाख?

दिवाणी_दावा

उभं करता येणार नाही. ज्या कराराची पूर्तता माणसाच्या अंगच्या गुणांवर अवलंबून आहे तो कोर्ट बळजबरीने पार पाडून घेत नाही. स्पेसिफिक रिलीफ ॲक्ट, १९६३ चं कलम १४. २०१८ च्या दुरुस्तीनंतर करारपालनाचा हुकूम द्यायचा की नाही याबाबतचा कोर्टाचा स्वेच्छाधिकार बराच कमी झाला, पण हा अपवाद तसाच राहिला. आणि हुकुमाच्या धाकाने रंगमंचावर आलेला नट काय प्रयोग करणार, हेही आहेच.

अडवता येईल का, याचं उत्तर त्याच कायद्याच्या कलम ४२ मध्ये आहे. करारात 'हे करीन' आणि 'ते करणार नाही' अशा दोन बाजू असतील, तर पहिली बाजू सक्तीने करून घेता येत नसली तरी दुसरीपुरती मनाई कोर्ट देऊ शकतं. मूळ लंडनचं आहे. १८५२ मध्ये योहाना वाग्नर या गायिकेने लम्ली या थिएटरवाल्याशी तीन महिने, आठवड्यातून दोन रात्री गाण्याचा करार केला आणि परवानगीशिवाय दुसरीकडे गाणार नाही असंही कबूल केलं. मग कोव्हेंट गार्डन थिएटरच्या फ्रेडरिक गाय याने जास्त पैसे देऊन तिला फोडलं. कोर्टाने तिला लम्लीकडे गायला लावलं नाही, पण गायकडे गाऊ दिलं नाही. आपल्या १८७७ च्या जुन्या ॲक्टमध्ये असंच थिएटर-गायिकेचं उदाहरण छापलेलं होतं. १९६३ च्या कायद्यात उदाहरणं गेली, तत्त्व राहिलं.

पण कलम ४२ ला एक शेपूट आहे. वादीने स्वतःच्या वाट्याचं करारपालन केलेलं असलं पाहिजे. तुमच्या चार थकलेल्या नाईट नेमक्या इथे आडव्या येतात.

तिसरी घंटा

मग त्या आधी देऊन टाका ना! चार नाईट म्हणजे सायनिंगचे हजार-हजार वजा जाता २८,००० रुपये. रोख नको, बँकेतून पाठवा आणि शेऱ्यात प्रयोगांच्या तारखा लिहा. टीडीएस कापला असेल तर तोही भरलेला दाखवता आला पाहिजे. नाईट बुडवणाऱ्या निर्मात्याबद्दल कुठल्याही कोर्टाला कणव येत नाही, आणि येऊही नये.

पाचपाखाडीकर

पैसे उद्याच पाठवतोय. पण त्याने तेच कारण पुढे केलं तर? 'मानधन थकवलं म्हणून सोडलं' असं?

दिवाणी_दावा

करणारच. म्हणून करारात नाईट किती दिवसांत द्यायची ते लिहिलंय का बघा. 'प्रयोगानंतर १५ दिवसांत' असं असेल आणि तुम्ही दोन महिने थकवलं असेल, तर तुमची बाजू खरोखर लंगडी आहे. मुदतच लिहिलेली नसेल आणि आजवर महिनाअखेरीस हिशोब व्हायचा रिवाज असेल, तर तसं दाखवणाऱ्या आधीच्या बँक नोंदी लावा. व्हॉट्सॲपवरच्या निरोपात त्याने थकबाकीचा उल्लेख केलाय का, हे सगळ्यात महत्त्वाचं. 'जमणार नाही' एवढंच असेल तर थकबाकी हे नंतर सुचलेलं कारण ठरतं.

घोडबंदर_कट्टा

एवढं कशाला? नौपाडा पोलीस ठाण्यात ४२० टाका, दोन दिवसांत प्रयोगाला हजर होईल.

दिवाणी_दावा

आता ४२० नाही, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८. आणि फसवणुकीला सुरुवातीपासूनचा खोटा हेतू लागतो. २२ प्रयोग करून गेलेल्या माणसाचा पहिल्या दिवसापासून पळायचा बेत होता, हे कोण मानेल? पोलीस 'दिवाणी बाब' म्हणून परत पाठवतील आणि तो अर्ज उद्या तुमच्याच विरुद्ध 'दबाव आणला' म्हणून लावला जाईल.

खारीगाव_लोकल

दुसरी युक्ती सुचण्याआधीच लिहून ठेवतो: सगळ्या निर्मात्यांना सांगून त्याच्यावर बहिष्कार वगैरे घालू नका. संघटनेच्या बहिष्काराला स्पर्धा कायद्याचं कलम ३ लागू शकतं. पश्चिम बंगालमधल्या चित्रपट-दूरचित्रवाणी कलाकार-तंत्रज्ञांच्या समितीने डब केलेल्या मालिकेच्या प्रसारणाला केलेल्या विरोधाचं प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि २०१७ मध्ये निकाल स्पर्धा आयोगाच्या बाजूने लागला. संघटनेकडून समेटाची बैठक होत असेल तर जरूर करा, त्याला हरकत नाही.

लेखणी_बहाद्दर

मनाईच्या कलमाकडे येऊ. 'अन्य नाटक, मालिका, चित्रपट, जाहिरात, समाजमाध्यम' हे फार पसरट आहे. ६० प्रयोगांच्या नाईट म्हणजे वर्षाचे ४,८०,०००. एवढ्यावर माणसाने वर्षभर कॅमेऱ्यासमोरही जायचं नाही? 'माझ्याकडे काम कर नाहीतर घरी बस' असा अर्थ निघाला की मनाई नाकारतात, कारण ती मागच्या दाराने करारपालनाची सक्तीच झाली. इंग्लंडमध्ये १९६७ मध्ये द ट्रॉग्ज या बँडच्या मॅनेजरला याच कारणाने मनाई मिळाली नाही. उलट १९३६ मध्ये वॉर्नर ब्रदर्सला अभिनेत्री बेट डेव्हिसविरुद्ध मिळाली, पण चित्रपट-नाटकाच्या कामापुरती आणि मुदत बांधून. ती दुसरं काही करून पोट भरू शकते, असं कोर्टाने धरलं.

आपल्याकडचा आधार तर ठाणे जिल्ह्यातलाच आहे. कल्याणच्या सेंच्युरी रेयॉनमधला गोलिकारी नावाचा पर्यवेक्षक पाच वर्षांचा करार असताना मध्येच राजस्थानातल्या स्पर्धक कंपनीत गेला. सुप्रीम कोर्टाने १९६७ मध्ये मनाई कायम ठेवली, पण ती टायरकॉर्डच्या (टायरमध्ये वापरायच्या धाग्याच्या) तशाच कामापुरती आणि कराराची उरलेली मुदत संपेपर्यंत होती. दुसरी कुठलीही नोकरी करायला तो मोकळा होता.

तेव्हा दाव्यातली मागणी आपणहून आखूड करा: '३१ मार्चपर्यंत अन्य कोणत्याही मराठी व्यावसायिक नाटकाच्या प्रयोगात भूमिका करू नये.' मालिका, जाहिरात, रील्स सोडून द्या. कलम जेवढं लांब, तेवढं सगळं मागायचा मोह अनेक वकिलांनाही आवरत नाही, आणि मग काहीच हाती लागत नाही.

तिसरी घंटा

आणि करार संपल्यावरचं काही मागू नका. 'करार संपल्यानंतर सहा महिने दुसऱ्या निर्मात्याकडे जाणार नाही' असली कलमं सर्रास दिसतात. करार कायद्याच्या कलम २७ पुढे ती टिकत नाहीत. क्रिकेटपटू झहीर खानच्या प्रकरणात एजन्सीचा तीन वर्षांचा करार संपल्यावर 'दुसऱ्याची ऑफर आली तर आधी आम्हाला विचार' एवढीच अट होती. २००६ मध्ये सुप्रीम कोर्टाने तीही चालणार नाही म्हटलं.

दिवाणी_दावा

सहमत. आता नोटीस. इथे सर्रास घात होतो. रागाच्या भरात लिहिलं जातं, 'तुम्ही करार मोडला, सबब करार रद्द करीत आहोत आणि दुसरीकडे काम करू नये अशी ताकीद देतो.' पहिल्या अर्ध्या वाक्याने दुसरं अर्धं मारलं! समोरच्याने करार नाकारला की करार कायद्याच्या कलम ३९ खाली तुमच्यापुढे दोन वाटा असतात. तो संपवून भरपाई घ्यायची, किंवा चालू ठेवायचा. संपवलात की 'कराराच्या काळात' ही अटही संपली, मग मनाई कशाच्या जोरावर मागणार? मनाई हवी असेल तर नोटिशीत स्वच्छ लिहा: करार अस्तित्वात आहे, संस्था तो पाळायला तयार आहे, पुढच्या प्रयोगांच्या तारखा अमुक, तालमीला अमुक दिवशी या.

आणि त्याच दिवशी दुसरी नोटीस त्या नव्या संस्थेला. करार ठाऊक असताना कलाकार फोडला तर फोडणाऱ्यावर वेगळी जबाबदारी येते. वर आलेल्या लम्लीने गायवरही दावा लावला होता. तसा दावा लावता येतो हे १८५३ मध्ये ठरलं, पण प्रत्यक्ष चौकशीत ज्यूरीने गायला सोडलं, कारण तो करार बंधनकारक उरलेला नाही असं त्याला प्रामाणिकपणे वाटत होतं म्हणे. म्हणून त्या संस्थेला नुसतं 'आमचा करार आहे' लिहू नका. मुदतीचं पान, मनाईचं कलम आणि सहीचं पान जोडा, मानधनाचे आकडे झाका. स्पीडपोस्ट आणि ईमेल दोन्ही.

नेरुळ_सेक्टर

कोर्ट कुठलं? वाशी म्हणजे नवी मुंबई, नाटक ठाण्याचं, करार कुठे झाला कोण जाणे.

दिवाणी_दावा

प्रतिवादी राहतो तिथे, किंवा दाव्याचं कारण पूर्णतः वा अंशतः घडलं तिथे. वाशी, नेरुळ, बेलापूर ठाणे जिल्ह्यातच येतात. शुभारंभ पनवेलच्या फडके नाट्यगृहात असता तर ते रायगड जिल्ह्यात गेलं असतं. तुमचे रद्द प्रयोग ठाण्यातले, येऊ घातलेला भंग वाशीत, त्यामुळे ठाणे जिल्हा सोडायचं कारण नाही. करारात लवादाचं कलम (वाद कोर्टाऐवजी खासगी पंचाकडे न्यायचा) असेल तर मात्र दावा नाही, लवाद कायद्याच्या कलम ९ खाली जिल्हा न्यायालयात अर्ज. त्यावर हुकूम मिळाला की ९० दिवसांत लवादाची कार्यवाही सुरू करायची.

लवाद नसेल तर दाव्यासोबत निशाणी ५ चा तूर्तातूर्त मनाईचा अर्ज. तिथे तीनच गोष्टी बघतात: प्रथमदर्शनी केस, सोयीचं पारडं कुणाकडे झुकतं, आणि पैशाने भरून न येणारं नुकसान. वेळ सांभाळा. शुभारंभाच्या आदल्या दुपारी धावत गेलात तर कोर्ट विचारेल की जाहिरात तीन आठवडे पेपरात होती, तेव्हा कुठे होतात? तिकडे नाट्यगृहाचं भाडं गेलेलं, तिकिटं विकलेली, पारडं त्यांच्याकडे. आज नोटीस, उत्तराला पाच दिवस, दहाव्या दिवसाच्या आत दावा. त्याने कॅव्हिएट ('माझं ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नका' असा अर्ज) लावलंय का तेही तपासा, ते ९० दिवस चालतं.

एकतर्फी हुकूम मिळाला तर अर्ज, प्रतिज्ञापत्र, कागदपत्रांच्या प्रती त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी समोरच्याला पाठवून तसं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. हे राहिलं म्हणून हुकूम उठतो. हुकूम मोडला तर दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश ३९ नियम २अ: मालमत्तेची जप्ती, तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद.

घोडबंदर_कट्टा

आणि तोपर्यंत प्रयोग बंद ठेवायचे? तारखा परत मिळत नाहीत हो.

लेखणी_बहाद्दर

बंद ठेवले तर भरपाईही कमी होईल. करार कायद्याच्या कलम ७३ च्या स्पष्टीकरणात आहे की नुकसान कमी करायला हाताशी काय उपाय होते ते बघितलं जातं. बदली कलाकार उभा करावाच लागतो. पण दुसरी बाजूही ध्यानात घ्या: बदली कलाकार जमला, पुन्हा हाऊसफुल्लचा बोर्ड लागला, की 'पैशाने भरून न येणारं नुकसान' कसलं, असा प्रश्न येतो. मनाई आणि बदली एकमेकांच्या पायात येतात. माझं मत विचाराल तर: प्रेक्षक त्या एका नावासाठीच तिकीट काढत असतील तर मनाईमागे लागा, तसं असेल तर आगाऊ बुकिंगचे आधीचे आणि नंतरचे आकडे लावा. संहितेवर चालणारं नाटक असेल तर मनाईचा नाद सोडा, बदली घ्या, पैसे वसूल करा.

स्पेसिफिक रिलीफ ॲक्टच्या नव्या कलम २० खाली बदलीचा प्रत्यक्ष खर्च वसूल करता येतो, पण आधी किमान ३० दिवसांची लेखी नोटीस लागते. शनिवार-रविवारचे प्रयोग ३० दिवस कसे थांबवणार? म्हणून नोटीस आजच द्या, तोवर तात्पुरता बदली कलाकार नुकसान कमी करण्यासाठी घेतला असं लिहा, आणि त्या काळातला जादा खर्च कलम ७३ खाली मागा. कलम २० मध्येच म्हटलंय की भरपाईचा हक्क शाबूत राहतो.

तिसरी घंटा

आकडे मांडून बघू. आकडे अंदाजाचे आहेत, पाचपाखाडीकरांनी आपले घालावेत.

बदली कलाकाराची नाईट १२,००० धरली तर फरक ४,०००. उरलेले प्रयोग ३८, म्हणजे १,५२,०००. रद्द झालेल्या दोन प्रयोगांचं भाडं, जाहिरात, टेम्पो, इतरांच्या नाईट मिळून प्रत्येकी ४६,००० म्हणजे ९२,०००. बदलीसाठी दहा दिवस तालमीचा हॉल ३,५०० प्रमाणे ३५,०००. कपडेपट १४,०००. नवीन फोटो, बॅनर १८,०००. एकूण ३,११,०००.

खारीगाव_लोकल

३८ नव्हे, ३६ धरा. रद्द झालेल्या दोन प्रयोगांत बदली कलाकार उभाच राहिला नाही, त्याचा फरक कसा मागणार? म्हणजे १,४४,००० आणि एकूण ३,०३,०००. त्यात न वळत्या झालेल्या सायनिंगचे ३८,००० मिळवा: ६०,००० मधून २२ प्रयोगांचे २२,००० गेले. थकलेल्या नाईटचे २८,००० दिले नसतील तर ते वजा. दिले तर ३,४१,०००, नाही तर ३,१३,०००.

आणि रद्द प्रयोगांचा खर्च मागताय तर त्यांच्या तिकीटविक्रीचं बुडालेलं उत्पन्न वेगळं मागू नका. तो खर्च करूनच ते उत्पन्न आलं असतं. एक काहीतरी निवडा. नफा सिद्ध करणं अवघड, खर्चाची बिलं दाखवणं सोपं. इंग्लंडमध्ये अँग्लिया टेलिव्हिजनने १९७१ मध्ये अमेरिकन नट रॉबर्ट रीडविरुद्ध हाच मार्ग घेतला. नट ऐनवेळी फिरला, चित्रपट बारगळला, नफा किती झाला असता ते सांगता येईना, मग वाया गेलेला २,७५० पौंड खर्च मागितला आणि मिळाला, अगदी करारावर सही होण्याआधीच्या खर्चासकट.

पाचपाखाडीकर

म्हणजे १० लाख विसरायचे?

खारीगाव_लोकल

विसरू नका, पण ती कमाल मर्यादा समजा. करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे लिहिलेल्या रकमेच्या आत वाजवी भरपाई मिळते. 'दंड' शब्दाने आणखी वाईट दिसतं. २०१५ च्या कैलाशनाथ निकालात सुप्रीम कोर्टाने म्हटलं की नुकसान झालेलंच नसेल तर ठरलेली रक्कम आपोआप मिळत नाही. नुकसान मोजणं अवघड असेल आणि आकडा प्रामाणिक अंदाज असेल तरच तो तसाच्या तसा धरतात. ४,८०,००० च्या कामाला १० लाख हा कुठल्या अंदाजाने काढला, हे कुणी सांगू शकेल का?

आणि रक्कम ३ लाखांच्या वर गेली की व्यावसायिक न्यायालयाचा प्रश्न उभा राहतो. तिथे तातडीचा अंतरिम आदेश मागत नसाल तर दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची आहे. मनाई सोडून नुसते पैसे मागणार असाल तर हे आधी उरकून घ्या, नाहीतर दावा परत हातात येईल. पैशाच्या दाव्याला मुदत करार मोडल्यापासून तीन वर्षं, घाई नाही.

नेरुळ_सेक्टर

भरपाईवर जीएसटी लागतो का?

खारीगाव_लोकल

करार मोडल्याची भरपाई म्हणून असेल तर नाही, ऑगस्ट २०२२ चं केंद्राचं परिपत्रक आहे. मात्र 'एवढे घ्या आणि मला मोकळं करा' अशी करारातच आधी ठरवलेली सोडचिठ्ठीची फी असेल तर ती वेगळी, सीएला विचारा.

लेखणी_बहाद्दर

पुराव्याचं राहिलं. व्हॉट्सॲपचा स्क्रीनशॉट छापून लावला म्हणजे झालं नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम, कलम ६३. प्रमाणपत्राचे दोन भाग, पहिला फोन ज्याच्या ताब्यात आहे त्याचा, दुसरा तज्ज्ञाचा, आणि त्यात हॅश व्हॅल्यू (फाइल नंतर बदललेली नाही हे दाखवणारा तिचा डिजिटल ठसा). फोन बदलू नका, गप्पा 'एक्स्पोर्ट' करून ठेवा, आणि नाटकाचा व्हॉट्सॲप ग्रुप असेल तर त्यातून बाहेर पडू नका. नव्या नाटकाची जाहिरात पेपराची मूळ प्रत म्हणून ठेवा, तिकिटांच्या ॲपवरच्या पानाचा तारीख-वेळेसह प्रिंट घ्या.

करार कसल्या कागदावर आहे? कमी मुद्रांकाचा करार बाद होत नाही, पण फरक आणि दंड भरेपर्यंत पुराव्यात येत नाही. निशाणी ५ च्या सुनावणीतच समोरचा वकील हा मुद्दा काढतो. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून १०० चा कागद ५०० झाला हे ठाऊक असेलच, पण अशा करारांना मूल्यानुसार शुल्क लागू शकतं, नुसत्या ५०० च्या बाँडवर विसंबू नका. दाव्याआधीच भरून घ्या.

तिसरी घंटा

पुढच्या करारासाठी एक कलम लिहून देतो, त्यात हवे ते फेरफार करा:

'कलाकार दि. ... ते दि. ... या काळात अन्य कोणत्याही व्यावसायिक मराठी नाटकाच्या प्रयोगात भूमिका करणार नाही. मालिका, चित्रपट, जाहिरात यांस मनाई नाही. मात्र शुक्रवार सायंकाळ ते रविवार रात्र या वेळा प्रयोगांसाठी राखून ठेवील. निर्माता दरमहा किमान चार प्रयोग देईल, न दिल्यास त्या महिन्याच्या चार नाईट देईल. नाईट प्रयोगानंतर सात दिवसांत बँकेत जमा होईल. सलग ३० दिवस थकल्यास कलाकार लेखी कळवून करारातून मोकळा होऊ शकेल.'

चार नाईटची हमी घातली की 'घरी बस' हा आक्षेपच उरत नाही. थकबाकीची वाट उघडी ठेवल्याने निर्माता कमजोर होत नाही, उलट ती वाट न वापरता गेलेला कलाकार उघडा पडतो.

नेरुळ_सेक्टर

बालकलाकाराच्या आईवडिलांनी सही केली असेल तर हेच लागू?

दिवाणी_दावा

नाही. अज्ञानाचा, म्हणजे १८ वर्षांखालच्या मुलाचा, करार मुळातच शून्य, त्याच्यावर मनाईही नाही नि भरपाईही नाही. मुंबई हायकोर्टासमोर राज राणी विरुद्ध प्रेम अदीब या प्रकरणात हे उलट्या बाजूने आलं: अज्ञान मुलीच्या वतीने वडिलांनी चित्रपटासाठी करार केला होता, निर्मात्याने काम काढून घेतल्यावर तिने पैसे मागितले, आणि तिलाही मिळाले नाहीत. त्यामुळे बालनाट्यात दोन मुलं आलटूनपालटून तयार ठेवणं हाच उपाय. शिवाय बालकामगार नियमांप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, दिवसाला पाच तासांची मर्यादा आणि कमाईचा किमान २० टक्के भाग मुलाच्या नावे मुदत ठेवीत.

पाचपाखाडीकर

२८,००० आज बँकेतून गेले, शेऱ्यात चारही तारखा आहेत. नोटिशीच्या मसुद्यात 'करार रद्द' होतं, ते काढून तालमीची तारीख घातली. लवादाचं कलम नाही. मागणी नाटकापुरतीच ठेवतोय. बुकिंगचे आकडे नाट्यगृहाच्या हिशोबातून काढायला सांगितलेत. एक शंका: नोटिशीतल्या तालमीला तो खरंच आला तर?

दिवाणी_दावा

तर तालीम घ्या, हजेरीवर सही घ्या आणि शुक्रवारचा प्रयोग लावा. मग दाव्याची गरजच उरत नाही.